नागपूरच्या मनोरुग्णालयाचा उतरता काळ

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ साली सुरू झाले. विदर्भात जुनी माणसे त्याला अजूनही ‘पागलखाना’च म्हणतात. येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालये. त्यांपैकी नागपूरची क्षमता ९४० खाटांची. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची भिस्त या एका ठिकाणावर राहिली. चंद्रपूरहून ते दीडशे किलोमीटरवर आहे, तर गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून साडेतीनशेहून अधिक.

ही रुग्णालये उभी राहिली ती उपचारापेक्षा बंदोबस्तासाठी. १८५८ चा आणि नंतर १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा त्यांचा पाया होता. पोलिसांनी रुग्णाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि आदेश निघाला की त्याची रवानगी मनोरुग्णालयात व्हायची. आत जाण्याची वाट अशी कागदोपत्री आखलेली होती. बाहेर पडताना मात्र न्यायला कोणीतरी यावे लागे, आणि तसे कोणी येईलच याची शाश्वती नसे.

१९५२ साली क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण दिसून आला आणि चित्र पालटू लागले. भास, संशय, उद्रेक औषधाने आटोक्यात येतात, रुग्ण घरी राहून बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालये बंद करण्याचा निर्णय घेतला. भारताने तसे केले नाही, पण १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार गावाजवळ नेण्याचे धोरण स्वीकारले. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. सामान्य रुग्णालयांत मनोविकार विभाग निघाले. भिंतीआड वर्षानुवर्षे ठेवण्याची पद्धत मागे पडत गेली आणि जुन्या मनोरुग्णालयांचे महत्त्व ओसरले.

ते ओसरणे योग्यच होते. पण बरे होऊनही आतच राहिलेल्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही. दाखल करताना दिलेला पत्ता अपुरा किंवा चुकीचा असतो. आईवडील वारतात, भाऊ वेगळे निघतात, शेताच्या वाटण्या होतात आणि परत येणाऱ्यासाठी घरात जागा उरत नाही. स्त्रियांच्या वाट्याला हे अधिक येते. माडिया किंवा गोंडीच बोलणारा रुग्ण असेल, तर आपल्या टोल्याचे, म्हणजे वस्तीचे, नाव समोरच्याला समजावून सांगणेही त्याला जड जाते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यावर स्पष्ट भूमिका घेतली. कुटुंब नाही किंवा ते स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे यांना बंदी आहे. तरीही बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत व वृद्धाश्रमांत हलवल्याबद्दल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राच्या कारभारात लक्ष घालावे लागले. एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात पाठवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणारे कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घर शोधून काढता येते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत प्रश्नाची दुसरी बाजू दिसते: उपचार गावापर्यंत न पोचण्याची. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीचा मोठा भाग मात्र जंगलाचा. घरात कोणी बडबडू लागला, रानात निघून जाऊ लागला की लोक आधी पुजाऱ्याकडे जातात, कारण तो गावातच असतो. मनोविकारावरची गोळी रोज घ्यावी लागते, नाहीतर दोन ते चार आठवड्यांनी इंजेक्शन. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी हाताशी औषध नसेल, तर सावरलेला माणूस पुन्हा आजारी पडतो आणि ‘औषधाने काही होत नाही’ असा गावाचा समज पक्का होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांचा साठा हवा, आणि रुग्णाच्या भाषेत विचारपूस करणारी आशाताई हवी.

सरकारी आरोग्यसेवेत मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. जुने मनोरुग्णालय आकसले, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. त्याची जागा घेणारी सेवा शेवटच्या टोल्यापर्यंत पोचली, तरच तो बदल खरा. तोवर घरातल्या आजारी माणसाला लपवू नये, बांधून ठेवू नये. १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. पहिला फोन तिथे करावा.