पान राज्याचं, शेंडा केंद्राचा

मुंबईतल्या माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत कुणाच्याही घरी गेलं की पाहुण्याला पाणी देण्याआधी खिडकी लावून घेतात. समोर रिफायनरीच्या चिमण्या, खाली टँकरची रांग. ज्या मावशींकडे मी बसलो होतो त्यांनी खिडकी लावली, पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकची पिशवी काढली आणि एकेक कागद चटईवर मांडला. रेशनकार्ड, तोडलेल्या जुन्या घराचं वीजबिल, आणि चार घड्या घातलेली कोर्टातल्या दंडाची पावती.

पावती मुलाची. वय बावीस, टेम्पोवर हमाली करतो. खाडीच्या बाजूला मित्रांबरोबर गांजा ओढताना सापडला. खिशात एक पुडी होती. कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत घरी जाशील, असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं. त्यानं कबूल केलं आणि खरंच संध्याकाळी घरी आला. वर्षभरानं सुरक्षारक्षकाची नोकरी चालून आली. त्यांनी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, आणि तिथं गाडी अडली. मावशींचा प्रश्न सरळ होता. "दादा, महाशिवरात्रीला भांग पितात त्यांना प्रसाद म्हणायचं आणि ह्याला गुन्हेगार? झाड तर एकच ना?"

झाड एकच आहे. कायदे दोन आहेत, आणि ते करणारी सरकारंही दोन.

केंद्राचा कायदा १९८५चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात गांज्याची व्याख्या अशी : झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर ती व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे शेंडा खुडला की दिल्लीचा कायदा लागू, नुसतं पान खुडलं तर तो कायदा गप्प. भांग पानांची, म्हणून ती निसटली. ही पळवाट नजरचुकीनं राहिलेली नाही. १९६१च्या अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारातच पानं आणि बिया वगळलेल्या आहेत. करार लागू झाल्यापासून पंचवीस वर्षांत गांज्याचा परंपरागत वापर बंद करायचा होता. करार १९६४ला लागू झाला, मुदत १९८९ला संपत होती. ती संपायच्या आत भारतानं कायदा केला.

पानाचं काय? ते राज्याच्या वाट्याला आलं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची काढून नोंद ५१ वाचा. दारू आणि अफूच्या शेजारी 'इंडियन हेम्प', म्हणजे हेच झाड, नावानिशी आहे. त्यावर उत्पादन शुल्क लावण्याचा अधिकार राज्याचा. मावशींना मी सांगितलं नाही, पण महाराष्ट्रात त्यांच्या प्रसादाची बाजूही कायद्यानं लंगडीच आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं इथं गुन्हा आहे. गंमत अशी की हाच जुना कायदा राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातकडेही गेला. कडक दारूबंदीच्या त्या गुजरातनं २०१७ साली भांग अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकली. आपल्याकडे बार चौकाचौकात आहेत, आणि भांगेला परवाना लागतो.

पान आणि शेंडा यांच्यातली रेघ कागदावर ठीक दिसते, शिक्षेच्या वेळी मात्र वजनकाटा बोलतो. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण', शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण' : किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि जामीन जवळजवळ अशक्य. ऊस, हळद, तुरीच्या आड लावलेली झाडं पकडली जातात तेव्हा मुळासकट उपटून, देठ-पानांसह तोलली जातात. मग वीस किलो भरायला किती वेळ लागणार? २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना नेमकं यावर बोट ठेवलं. शेंडे सोबत नसतील तर नुसत्या पानांना गांजा म्हणता येत नाही. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं मुंबईतल्या २०१७ आणि २०१८च्या निकालांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक खटले गांज्याचे आणि स्वतः ओढण्यासाठी बाळगल्याचे निघाले. त्यात सापडलेले लोक हातावर पोट असणारे होते.

दिल्लीनं सगळंच बंद केलं, आमच्या हातात काही नाही, असं राज्यांचे मंत्री सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्याच कायद्याचं कलम १० उघडा. वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणासाठी गांज्याच्या लागवडीपासून विक्रीपर्यंत परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, चरस तेवढा वगळून. कलम १४मध्ये तंतू आणि बियांसाठीच्या लागवडीची सोय आहे. उत्तराखंडानं २०१८मध्ये या खिडकीतून हात घालून औद्योगिक लागवडीला परवाना दिला. नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये, ही अट. २०२१च्या नोव्हेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बिया आणि तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं, कुठल्याच पिकाला भाव नाही, निदान गांजा तरी लावू द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. पोलिसांना तो प्रसिद्धीचा स्टंट वाटला. मला त्यात बाजारभावाची तक्रार जास्त दिसते.

राज्यकर्त्यांची अडचण कायद्याची कमी, नावाची जास्त. शेजारच्या गोव्यात २०२०च्या डिसेंबरात औषधी लागवडीच्या प्रस्तावाला कायदा खात्यानं होकार दिल्याची बातमी फुटली. विधीमंत्री निलेश काब्राल बाजू मांडत राहिले, गदारोळ झाला, आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंतांनी हात झटकले. त्याच वर्षी दसरा मेळाव्यात तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी, आमच्या दारात तुळस असते, गांज्याची शेतं तुमच्याकडे, अशा अर्थाचा टोला हाणला होता. नाव घेतलं नाही, पण रोख मूळच्या हिमाचलच्या एका अभिनेत्रीकडे होता हे पोरासोरांनाही कळलं. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, हिमाचलच्या विधानसभेनं औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूनं ठराव संमत केला.

तो दसरा ज्या काळातला, तो काळ आठवा. केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, आणि राज्य सरकार रोज टीव्हीवर भांडत होते. माहुलच्या शेजारच्या अणुशक्तीनगरचे तेव्हाचे आमदार आणि मंत्री नवाब मलिक यांच्या जावयाला जानेवारी २०२१मध्ये एनसीबीनं गांज्याच्या प्रकरणात अटक केली. प्रयोगशाळेच्या अहवालात बरेचसे नमुने गांजा ठरलेच नाहीत, आणि सप्टेंबरात जामीन झाला. ऑक्टोबरात एनसीबीनं एका क्रूझवर टाकलेल्या छाप्याचं प्रकरण आलं. मलिक रोज सकाळी एनसीबीच्या अधिकाऱ्यावर नवा आरोप करत. २०२२च्या मे महिन्यात त्या प्रकरणातल्या सगळ्यात गाजलेल्या आरोपीचं नाव एनसीबीनं स्वतःच आरोपपत्रातून वगळलं. त्या सगळ्या धुरळ्यात कायदा बदलायचा का, हा प्रश्न ना केंद्रानं विचारला ना राज्यानं. दोघांनाही तो कायदा हातात हवा होता.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथं राज्यं पुढं, केंद्र मागं. न्यू जर्सीत एप्रिल २०२२पासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून गांजा विकत घेता येतो, रीतसर कर भरून. तिथल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या ग्रीनकार्डवाल्या मराठी माणसाचा समज होतो की आता काय, कायदेशीर आहे. नागरिकत्व देणारं खातं मात्र केंद्राचं, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच. राज्यात कायदेशीर असला तरी गांज्याचा वापर किंवा त्या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या आड येऊ शकते, असं त्या खात्यानं २०१९मध्ये लेखी सांगून ठेवलं आहे. एडिसनवाल्याच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीतला प्रश्न आणि माहुलचा चारित्र्याचा दाखला, दोन्हीकडे माणूस दोन सरकारांच्या फटीत सापडतो.

माहुलकरांना ही फट नवी नाही. रिफायनऱ्या केंद्राच्या उपक्रमांच्या, प्रदूषण मंडळ राज्याचं, आणि खोल्या पालिकेनं वाटलेल्या. हवेची तक्रार कुणाकडे करायची हे ठरवायलाच हरित लवादापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या मुलांची डोकी बिघडलेली मी पाहिली आहेत. एम्सच्या मदतीनं झालेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत भांग-गांजा-चरस घेणाऱ्यांचा आकडा ३ कोटी १० लाख निघाला. त्यातली भांग घेणारीच २ कोटींच्या वर. एवढ्या माणसांना कोर्टाच्या रांगेत उभं करणं कुठल्याच सरकारला जमणारं नाही. म्हणून रांगेत तेच उभे राहतात जे हाताशी सापडतात.

मावशींच्या त्या पावतीच्या मागं मी पेनानं एक आकडा लिहून दिला : ६४-अ. त्याच १९८५च्या कायद्यातलं हे कलम. व्यसनी माणसावर नुसत्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार पूर्ण मात्र करावे लागतात. त्यांच्या मुलासाठी उशीर झालाय, गुन्हा कबूल करून दंड भरलेला आहे. तुमच्या इमारतीत, चाळीत, ओळखीत कुणाचा मुलगा उद्या असा सापडला, तर कबुलीवर सही करण्याआधी त्याला हा आकडा सांगा.