साखरेत घोळलेलं लोखंड

भवानीनगरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि नॅनोकणांवरच्या या लेखमालेची गाडी थेट ऊसपट्ट्यात शिरली. सुनेला सातव्या महिन्यात रक्तवाढीची सलाईन लावली. पाच मिनिटांत चेहरा लाल, छाती आवळल्यासारखी. सिस्टरनी ती थांबवली, थोड्या वेळात सगळं निवळलं, मग तीच बाटली थेंबाथेंबानं गेली. ‘ही ॲलर्जी म्हणायची का? आणि यात नॅनो कुठे आलं?’

नॅनो त्या बाटलीतच आहे. आयर्न सुक्रोज म्हणजे लोहाच्या हायड्रॉक्साइडचा काही नॅनोमीटरांचा गाभा आणि भोवती साखरेचं वेष्टण. तीच साखर, जी इंदापूर-बारामतीत पोत्यांनी निघते. कोविडच्या लसींनी नॅनोकणांचा गाजावाजा केला, पण प्रसूती वॉर्डात ते त्याच्या कितीतरी आधीपासून टांगलेले होते.

मोकळं लोह रक्तात विषासारखं, म्हणून हे वेष्टण. यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी कण गिळतात, फोडतात आणि लोह बेतानं बाहेर सोडतात. या पेशी रोगप्रतिकारक फौजेतल्या पहारेकरी खऱ्या, पण भंगारवाल्याही त्याच. १२० दिवस राबून थकलेल्या लाल पेशी मोडून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह त्या परत वापरात आणतात. इतर औषधी नॅनोकणांवर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या पदार्थाचं वेष्टण चढवतात, तो सारा खटाटोप या पेशींना चुकवण्यासाठी असतो. इथे घास मुद्दाम त्यांच्याच तोंडी द्यायचा. अंगात जंतुसंसर्ग असेल तर मात्र यकृतातलं हेप्सिडिन वाढतं आणि भंगारवाला दुकानाचं दार ओढून घेतो. जंतूंनाही लोह हवंच असतं ना! संसर्ग असताना ही सलाईन पुढे ढकलतात, ती याचसाठी.

आता ॲलर्जी. जुन्या इंजेक्शनांत लोहाला डेक्स्ट्रानचं वेष्टण असे. हे डेक्स्ट्रान साखर कारखान्याच्या केमिस्टला चांगलं ठाऊक आहे. तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, की ल्युकोनोस्टॉक जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करतात, रस चिकट होतो, गाळणीतून सरकत नाही. काहींच्या रक्तात डेक्स्ट्रानविरुद्ध अँटिबॉडी आधीपासूनच असतात. त्या इंजेक्शनांनी कधीकधी जिवावर बेते, म्हणून आधी चाचणीचा थेंबभर डोस देत.

सुनेचं लक्षण वेगळं. श्वासात घरघर नाही, रक्तदाब कोसळला नाही, थांबवताच बरं वाटलं. डॉक्टर याला फिशबेन रिॲक्शन म्हणतात. कण भराभर आत आले की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं अँटिबॉडीवाचूनच बिथरत असावीत, असा सध्याचा कयास. त्यामुळे वेग कमी करून तीच बाटली पुन्हा लावता येते. खऱ्या ॲलर्जीत तसं धाडस कोणी करणार नाही. कोणतं काय, हे मात्र खाटेजवळच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पत्राच्या तळाशी सासूबाईंची शंका होती: मधुमेह असला तर ही साखर चढेल का? २०० मिलिग्रॅम लोहाबरोबर सुमारे ३ ग्रॅम साखर जाते, चमचाभरही नाही. शिवाय साखर फोडणारं विकर आतड्यात असतं, रक्तात नसतं. त्यामुळे तिचा मोठा भाग न फुटताच लघवीवाटे निघून जातो.