एका नावामागची शोधाशोध

आजचा कोणताही प्रोग्राम स्वतःच्या एकट्याच्या कोडवर उभा नसतो. तारीख वाचायची, फोटो लहान करायचा, पैसे भरून घ्यायचे, अशा प्रत्येक कामासाठी दुसऱ्याने लिहिलेलं पॅकेज वापरलं जातं. प्रोग्रामर फाइलच्या सुरुवातीला त्याचं नुसतं नाव लिहितो. त्या नावाची फाइल डिस्कवर शोधून काढणं हे यंत्रणेचं काम.

रायन डाल यांनी 2009 मध्ये आणलेल्या नोड जेएसमध्ये हा शोध कसा चालतो ते पाहा. 'दुकान' नावाच्या प्रोजेक्टमधल्या 'बिल' फोल्डरातल्या एका फाइलने 'एक्सप्रेस' हे पॅकेज मागितलं. नोड आधी 'बिल'मध्येच 'नोड मॉड्यूल्स' नावाचं फोल्डर आहे का, ते बघतं. तिथे नसेल तर एक पायरी वर 'दुकान'मध्ये, मग त्याच्याही वर, असं करत थेट डिस्कच्या मुळापर्यंत जातं. पहिलं सापडेल ते उचलतं. काहीच सापडलं नाही, तर 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल' म्हणून प्रोग्राम बंद पडतो.

नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ असेल, तर शोध त्याच फाइलच्या आसपास होतो. जुन्या 'रिक्वायर' पद्धतीत एक्स्टेन्शन लिहिलं नाही तरी चालतं: नोड आधी नाव जसंच्या तसं, मग डॉट जेएस, डॉट जेसन आणि डॉट नोड लावून बघतं. तरीही जमलं नाही, तर त्या नावाचं फोल्डर धरून आतली 'इंडेक्स' फाइल शोधतं.

सोय मोठी, पण तिची किंमतही आहे. फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि कोडमध्ये ते लहान अक्षराने लिहिलंय, असं समजा. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतं. म्हणून लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रोग्राम सर्व्हरवर चढवताच कोसळतो. पायथनची तऱ्हा वेगळी. तिथे चालवलेल्या स्क्रिप्टचं फोल्डर आधी तपासलं जातं. नवशिक्याने सरावाच्या फाइलला 'रँडम डॉट पीवाय' नाव दिलं, की पायथनचं मूळ 'रँडम' झाकलं जातं आणि भलतीच एरर समोर येते.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने 2021 मध्ये जाहीर केलं, की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांचीच नावं देऊन त्याने सार्वजनिक साठ्यावर पॅकेजेस टाकली आणि अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टसह 35हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत त्याचा कोड चालला. नाव तेच, आवृत्तीचा आकडा मोठा, म्हणून बाहेरचंच पॅकेज निवडलं गेलं.

खुद्द डाल यांनी 2018 मध्ये बर्लिनच्या परिषदेत 'नोड मॉड्यूल्स', 'इंडेक्स' फाइल आणि एक्स्टेन्शन गाळण्याची मुभा या तिन्ही गोष्टींचा पश्चात्ताप बोलून दाखवला. नव्या 'इम्पोर्ट' पद्धतीत नोडने प्रोजेक्टमधल्या फाइलींसाठी एक्स्टेन्शन सक्तीचं केलं, ते योग्यच झालं. जुन्या पद्धतीत काम करणाऱ्यांनीही फाइलचं नाव एक्स्टेन्शनसकट, अक्षरांचा लहानमोठेपणा सांभाळून लिहावं आणि आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल कोडसोबतच जपून ठेवावी.