आधी पाणी, मग पिरॅमिड

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कॅनकूनमधून रोज भल्या पहाटे पर्यटकांच्या बसगाड्या पश्चिमेकडे निघतात. सकाळी दोनशेएक किलोमीटरवरच्या चिचेन इत्झाला माया लोकांच्या नगरीचे अवशेष पाहायचे, दुपारी जेवण उरकायचं, मग चुनखडीतल्या नैसर्गिक कुंडात, म्हणजे सेनोतेत, पोहायचं, जाता जाता वायादोलिद गावच्या चौकात तासभर हिंडायचं आणि रात्री मुक्कामी परतायचं, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही हिवाळ्याच्या सुट्टीत तिकडे जातात. या सहलीच्या जाहिरातीत अवशेषांचं आणि कुंडांचं खातं वेगळं असतं. अवशेष माहितीसाठी, कुंड मौजेसाठी. सकाळी उन्हात इतिहास ऐकून घेतल्याचं बक्षीस म्हणून दुपारची डुबकी. माझ्या मते ही वाटणीच मुळात चुकीची आहे. जिथे आपण दुपारी पोहतो तसं पाणी त्या भूमीत नसतं, तर सकाळी पाहिलेलं शहर तिथे उभंच राहिलं नसतं. म्हणून सेनोते हा या सहलीचा गाभा मानायला हवा, आणि वाटाड्या निवडताना तो या दोन गोष्टी जोडून दाखवतो का, हे पहिल्यांदा पाहायला हवं.

याचं कारण तिथल्या जमिनीत आहे. युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. पावसाळ्यात तिथे भरपूर पाऊस पडतो, पण नदी म्हणावी अशी एकही नाही. पडलेलं पाणी दगडाच्या भेगांतून थेट खाली उतरतं, वाटेत चुनखडी विरघळवत जातं आणि हजारो वर्षांत जमिनीखाली गुहा आणि बोगदे कोरतं. एखाद्या गुहेचं छत कोसळलं की खालचं पाणी उघडं पडतं, तेच सेनोते. यातल्या बऱ्याच सेनोतेंची एक अर्धवर्तुळाकार रांग नकाशावर स्पष्ट दिसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे चिक्शुलुबजवळ एक प्रचंड अशनी आदळला, डायनोसॉरांचा शेवट करणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर नंतरच्या थरांखाली बुजून गेलं, पण त्याच्या काठावरचा खडक भेगाळलेलाच राहिला, आणि भूजलाने आपली वाट तिथूनच काढली. मराठी वाचकाला यावरून लोणार आठवेल. तिथेही अशनीचं विवर आहे, काठाला गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि त्या पाण्याच्या आधाराने देवळं उभी राहिली आहेत. फरक असा, की लोणारचं विवर उघड्या डोळ्यांनी दिसतं. युकातानमध्ये ते पायाखाली आहे, आणि ते कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता चिचेन इत्झाकडे पाहू. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या या नगरीचं चित्र म्हणजे कुकुलकानचा पिरॅमिड. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा मिळून ३६५. विषुवदिनाच्या दुपारी उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर सावल्यांचा नाग उतरताना दिसतो, हे बहुतेक सगळे वाटाडे सांगतात. त्या मानाने कमी वेळा सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पिरॅमिडच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक, अशी दोन सेनोते आहेत. दक्षिणेचं श्तोलोक पिण्याच्या पाण्याचं. उत्तरेचं पवित्र मानलेलं, आणि तिथवर चौकातून सुमारे तीनशे मीटरचा उंच बांधलेला दगडी रस्ता नेलेला. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी जमिनीचा विद्युतरोध मोजून पाहिला, तेव्हा खुद्द पिरॅमिडच्या खालीही पाण्याची पोकळी असल्याची चिन्हं मिळाली. बांधणाऱ्यांना तिचा पत्ता होता की नाही, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. पण दोन ज्ञात कुंडांच्या मध्ये नगरीचा मुख्य चौक यावा, हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे.

उलटा पुरावा पाहिला की हा मुद्दा आणखी पक्का होतो. नैऋत्येच्या पुउक टेकड्यांत उश्मल आणि काबाह ही देखणी शहरं आहेत. तिथे भूजल इतकं खोल आहे की ते हाताशी येत नाही. त्या लोकांनी मग चुलतुन खोदले. चुलतुन म्हणजे बाटलीच्या आकाराचं भूमिगत टाकं: वर माणूस कसाबसा उतरेल एवढं अरुंद तोंड, खाली फुगीर पोट, आतून चुन्याचा गिलावा, आणि तोंडाभोवती अंगणाएवढी फरसबंदी, तीही तोंडाकडे उतरती, म्हणजे पावसाचा थेंबन्‌थेंब आत जावा. कोरड्या महिन्यांत भिस्त या टाक्यांवर. अशा ठिकाणी भिंतींवर काय कोरलं असेल? काबाहच्या एका इमारतीच्या दर्शनी भागावर लांब वाकड्या नाकाचा पर्जन्यदेव चाक याचे मुखवटे एकाशेजारी एक असे शेकड्यांनी बसवले आहेत. पाण्याची चिंता जिथे सर्वांत जास्त, तिथे देवाचं तोंड सर्वांत जास्त वेळा कोरलेलं. एका दिवसाच्या सहलीत उश्मल बसत नसलं, तरी वाटाड्याने ही तुलना सांगितली की चिचेन इत्झाचं भाग्य कशात होतं ते कळतं.

पवित्र सेनोतेच्या कडेला उभं राहिलं की सुमारे साठ मीटर व्यासाचा जवळजवळ गोल खड्डा, सरळ तुटलेल्या भिंती आणि खूप खाली शेवाळी हिरवं पाणी दिसतं. इथे पोहायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी वकिलातीतल्या अधिकाऱ्याने या कुंडाचा गाळ उपसला आणि त्यातून जेड, सोनं, तांबं, मातीची भांडी, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप आणि माणसांची हाडं काढली. बराचसा ऐवज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला, त्यातला काही भाग कित्येक दशकांनी मेक्सिकोला परत मिळाला. सोन्याच्या काही वस्तू आजच्या कोस्टारिका-पनामाच्या प्रदेशातून आलेल्या होत्या. तळाशी चार मीटरहून जाड निळ्या गाळाचा थर सापडला, तो देवाला वाहायच्या वस्तूंना फासलेल्या माया निळ्या रंगाचा. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून हा रंग बनतो. कुंडातून निघालेल्या एका वाडग्यात कोपालबरोबर या दोन्ही घटकांचे अंश मिळाले. त्यावरून हा रंग पाण्याच्या काठीच, धूप जाळण्याच्या विधीत तयार होत असावा, असा निष्कर्ष २००८ मध्ये अभ्यासकांनी मांडला. इतक्या दुरून आणलेलं धन आणि इतक्या कष्टाने केलेला रंग ज्या पाण्यात सोडला जातो, ते पाणी त्या समाजाच्या मध्यभागी होतं हे उघड आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सगळंच पाण्याने ठरलं म्हणायचं, तर मग माणसांचं कर्तृत्व कुठे राहिलं? चिचेन इत्झा मोठं झालं ते व्यापारामुळे, किनाऱ्यावरच्या मिठामुळे, युद्धांमुळे आणि राज्यकर्त्यांच्या चतुराईमुळेही. हे मान्य करायलाच हवं. शिवाय पाणी असूनही अकराव्या शतकात या नगरीची उतरती कळा लागलीच. चिचनकनाब सरोवराच्या गाळातल्या जिप्समचा अभ्यास करून २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अभिजात माया संस्कृतीच्या अखेरच्या काळात पाऊस सरासरीने निम्म्यावर आला होता आणि सर्वांत वाईट काळात सत्तर टक्क्यांपर्यंत घटला होता. सेनोतेत पिण्यापुरतं पाणी राहिलं, तरी मक्याचं शेत पावसावरच पिकतं. म्हणजे सेनोते हे वैभवाचं पुरेसं कारण नव्हतं, पण त्याच्याशिवाय बाकीची कारणं उभीच राहू शकली नसती. वाटाड्याने हा फरक नीट मांडला, तर ऐकणाऱ्याला शहराच्या उदयाइतकाच त्याचा अस्तही समजू शकतो.

दुसरा आक्षेप वाटाड्यांवरच आहे. ते रंगवून सांगतात, आणि पवित्र सेनोतेत कुमारिकांचा बळी द्यायचे ही कथा तर हमखास ऐकवतात, त्यापेक्षा मोबाइलवर वाचलेलं बरं, असं पुष्कळांना वाटतं. कथेबद्दलची तक्रार खरी आहे. कुंडातली हाडं तपासल्यावर त्यात पुरुष, स्त्रिया आणि मुलं, सगळेच निघाले. त्याच कुंडाजवळच्या एका चुलतुनमध्ये १९६७ मध्ये शंभराहून अधिक मुलांचे अवशेष मिळाले होते. त्यातल्या ६४ मुलांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते सगळे मुलगे असल्याचं, त्यांच्यातले अनेक एकमेकांचे जवळचे नातेवाईक असल्याचं आणि दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या असल्याचं दिसून आलं. कुमारिकांच्या कथेला याहून मोठा धक्का कोणता? पण या उदाहरणावरून वाटाड्याच नको, असं ठरत नाही. उलट अभ्यासू, परवानाधारक वाटाडा हवा, असंच ठरतं. १५६२ मध्ये मानी इथे दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया ग्रंथांची होळी केली. लिखित परंपरा अशी तोडली गेल्यामुळे उरलेलं बरंच ज्ञान लोकांच्या बोलण्यात, शेतात आणि विधींत टिकलं. युकातानची माया भाषा आजही साडेसात लाखांहून अधिक माणसं बोलतात, आणि काही गावांत पावसासाठी चा चाक हा विधी अजून होतो. त्या गावातला वाटाडा पर्जन्यदेवाचा मुखवटा दाखवून आपल्या मळ्यातला मका आणि न आलेला पाऊस यांबद्दल बोलू शकतो. ते मोबाइलवर सापडत नाही.

एका दिवसात काय होणार, हीही तक्रार असते. सहा ठिकाणी धावत फोटो काढायचे असतील, तर काहीच होणार नाही. पण एकच प्रश्न घेऊन गेलं, की इथली माणसं पाणी कुठून आणत होती, तर एक दिवस पुरतो. प्रवेशद्वार उघडताच आत जाऊन आधी पवित्र सेनोतेपर्यंत चालत जावं, मग पिरॅमिड पाहावा, मग श्तोलोककडे वळावं, आणि दुपारी पोहायच्या कुंडात उतरताना दगडाच्या भिंतीतले थर, छतावरून खाली लोंबणारी झाडांची मुळं आणि पाण्याची एकसारखी थंडी बारकाईने पाहावी. वरच्या झाडांनाही पाण्यासाठी एवढं खाली यावं लागतं, हे त्या मुळांवरून आपोआप कळतं. गर्दी नको असेल तर वायादोलिदच्या उत्तरेला ‘एक बालाम’ नावाच्या नगरीचे अवशेष आहेत आणि तिथून दीडेक किलोमीटरवर श्कान्चे नावाचं सेनोते. कोबाचे अवशेष तर सरोवरांच्या काठी वसलेले आहेत. प्रश्न तोच ठेवला की ही ठिकाणंही तितकीच बोलकी होतात.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. पवित्र मानलेल्या, आणि आजही पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार असलेल्या भूजलात हजारो पर्यटकांनी डुंबावं का? इथली कुंडं एकमेकांपासून तुटक नाहीत. तुलुमजवळच्या साक आक्तुन या पाण्याखालच्या गुहाजाळ्याची लांबी २०१८ मध्ये ३४७ किलोमीटर मोजली गेली. चुनखडीत पाणी गाळलं जात नाही, त्यामुळे अंगावरचं सनस्क्रीन, हॉटेलांचं सांडपाणी आणि शेतातली रसायनं सरळ भूजलात आणि पुढे समुद्रातल्या प्रवाळापर्यंत पोहोचतात. त्या प्रदेशातून गेलेल्या माया रेल्वेच्या एका टप्प्यात गुहांच्या छतांतून खांब रोवले गेले, त्यावरही शास्त्रज्ञांनी आणि पाणबुड्यांनी जोरदार आवाज उठवला. तरीही पोहणं सरसकट बंद करावं, असं मला वाटत नाही. अनेक सेनोते एहिदो म्हणजे सामायिक मालकीच्या गावजमिनीवर आहेत आणि तिकिटाचा पैसा गावात राहतो. ज्या पाण्यातून गावाला उत्पन्न मिळतं, ते गाव त्यात कचरा पडू देत नाही. मात्र ही बाजू तेव्हाच टिकते, जेव्हा पाण्यात उतरण्याआधी शॉवर घेणं सक्तीचं असतं, सनस्क्रीनला बंदी असते आणि एका वेळी किती जणांना सोडायचं याला मर्यादा असते. जिथे हे पाळलं जात नाही, तिथे न उतरणं हेच पाहुण्याचं कर्तव्य आहे.

म्हणून सहल ठरवताना भाव आणि जेवणाचा बेत विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: वाटाडा परवानाधारक आणि शक्यतो त्याच भागातला आहे का, अवशेषांच्या जागी निदान दोन तास मिळतात का, पवित्र सेनोतेपर्यंत नेतात का, आणि पोहायचं कुंड कुणाच्या ताब्यात असून तिथले नियम काय आहेत. ग्राहक जे विचारतो तेच कंपन्या पुरवतात. पर्यटकांनी फक्त फोटो आणि डुबकी मागितली, तर तेवढंच मिळेल आणि पाणी मात्र बिघडत जाईल. पाण्याबद्दल विचारायला लागलो, तर अवशेषांचा अर्थ कळेल आणि कुंडांची निगा राखणाऱ्या गावांचं बळही वाढेल. त्या कोरड्या दगडावर शहर वसवणाऱ्यांनी पाण्याला जेवढं महत्त्व दिलं, तेवढं आपण एका दिवसापुरतं तरी द्यावं, इतकी अपेक्षा मोठी नाही.