शब्द माहीत असतो, तरीही

लेखमाला : बोलू द्या! – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण उच्चारदोषांविषयी वाचलं. ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणणाऱ्या मुलाचं काय अडतंय ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तोतरेपणाचं तसं नाही. अडखळत बोलणारी कॉलेजातली किंवा नोकरी शोधणारी मुलं-मुली आपल्याला जेवढी अडखळताना दिसतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त काम त्यांच्या डोक्यात चाललेलं असतं. आजचा भाग त्या कामाविषयी.

आधी ऐकू येणारी बाजू. ‘प-प-पाणी’ अशी अक्षराची पुनरावृत्ती होते, ‘सऽऽऽकाळी’ असा आवाज लांबतो किंवा तोंड शब्दाच्या आकारात तयार असूनही आवाजच फुटत नाही. या तिसऱ्या प्रकाराला वाचा-उपचारतज्ज्ञ ‘ब्लॉक’ म्हणतात आणि रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त घोळ तोच घालतो. कारण समोरच्याला वाटतं, हा गप्प आहे.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभरातली साधारण पाच मुलं कधी ना कधी या टप्प्यातून जातात. बहुतेकांचं अडखळणं पुढे थांबतं, आणि मोठ्यांमध्ये शंभरात सुमारे एकाचं टिकून राहतं. त्यांत पुरुष जास्त. तोतरेपणा अनेकदा घराण्यात चालत येतो. 2010 साली डेनिस ड्रेना यांच्या अमेरिकेतल्या गटाने पाकिस्तानातल्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्याशी संबंधित काही जनुकीय बदलही दाखवले. म्हणजे मूल घाबरट आहे म्हणून किंवा आईबापांनी धाक दाखवला म्हणून हे होत नाही. बोलण्यासाठी लागणाऱ्या हालचालींची वेळ जुळवण्याचं मेंदूचं काम इथे थोडं वेगळं चालतं. म्हणूनच एरवी प्रत्येक वाक्यात अडणारा मुलगा गणपतीच्या आरतीत सगळ्यांबरोबर एकही शब्द न अडखळता म्हणतो. अनेकांच्या सुरात सूर मिसळला की वेळेचा आधार बाहेरून मिळतो. भीतीने तोतरेपणा वाढतो. पण तो भीतीतून जन्माला येत नाही. जिभेवर वेखंड उगाळून लावल्यानेही तो जात नाही, कारण अडचण जिभेत नसून वेळ जुळवण्यात असते.

आरतीत चालतं मग वर्गात का नाही, असा प्रश्न घरचे विचारतात आणि कधीकधी ‘नाटकं करतो’ असा निष्कर्षही काढतात. पण काल सुरळीत बोललेलं वाक्य आज अडणं हे तोतरेपणाचं लक्षणच आहे. मित्रांच्या अड्ड्यावर बोलणं सोपं, साहेबांच्या केबिनमध्ये अवघड. कुत्र्याशी सोपं, फोनवर अवघड.

आता न ऐकू येणारी बाजू. अडखळणाऱ्या तरुणाला पुढे येणारा अवघड शब्द बहुतेक वेळा आधीच कळतो. मग तो बोलता बोलता वाक्याची मोडतोड करतो. ‘मिसळ’ अडणार असं वाटलं की पोहे मागवतो. कंडक्टरसमोर थांब्याचं नाव निघणार नाही म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढतो. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ असे शब्द पेरून अडलेल्या अक्षरापाशी धाव घेऊन पाहतो. काहींना हे इतकं साधतं की सोबत शिकणाऱ्यांनाही वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती : अडखळणं हे वर दिसणारं टोक, आणि लाज, टाळाटाळ, धास्ती हा पाण्याखालचा डोंगर. शब्द बदलण्यात तरबेज झालेल्यांचं टोकही बुडालेलं असतं. त्यांना लोक अस्खलित समजतात, आणि तेच सर्वांत जास्त थकलेले असतात.

ही युक्ती कोलमडते ती स्वतःच्या नावापाशी. पोह्यांवर भागवता येतं, नावाला पर्याय नाही. म्हणून हजेरी, नव्या वर्गातली ओळख, मुलाखतीतला पहिला प्रश्न आणि पाहण्याच्या कार्यक्रमातलं ‘बेटा, नाव काय तुझं?’ या सगळ्यांचा धसका. नाव सांगायला चार सेकंद लागले की कुणीतरी हसत म्हणतं, ‘नाव विसरलास की काय?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पुढच्या वेळी तो मुलगा ओळखीच्या तासालाच दांडी मारतो.

फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे ब्लॉक म्हणजे नुसती शांतता. पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवतो. स्वयंचलित हेल्पलाइन तर काही सेकंदांतच प्रतिसाद मिळाला नाही असं सांगून मोकळी होते. जेवण, रिक्षा, डॉक्टरची वेळ हे सगळं आता अ‍ॅपवर होतं, ही सोय खरी; पण टाळण्याची सवयही त्याने पक्की होते.

सर्वांत मोठी किंमत तोंडी परीक्षेत मोजावी लागते. उत्तर येत असतं, पण त्यातला मुख्य शब्द अडणार हे दिसत असतं. अशा वेळी ‘माहीत नाही, सर’ हे तीन शब्द सोपे पडतात. परीक्षक शून्य देतात आणि विद्यार्थी ते मुकाट्याने घेतो. त्याने अज्ञान पत्करलेलं असतं, कारण अडखळणं त्याहून लाजिरवाणं आहे असं तो लहानपणापासून शिकत आलेला असतो.

उपचारांचा विचार इथूनच करावा लागतो. मोठ्या वयात तोतरेपणा हमखास घालवणारा उपाय नाही. तशी जाहिरात दिसली तर सावध व्हावं. प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञ अडखळण्यातला ताण कमी करायला शिकवतात, आणि टाळलेले शब्द, टाळलेले फोन हळूहळू परत आणायलाही. मुंबईत वांद्र्याला 1983 पासूनची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरला 1965 पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही यासाठीची सरकारी ठिकाणं. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’सारखे स्वमदत गटही आहेत. अशा गटांत पहिल्यांदाच कुणी घाई करत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. ‘मी अडखळतो, जरा वेळ लागेल’ हे सुरुवातीलाच सांगून टाकण्याचा सराव फार उपयोगी पडतो. लपवण्याचं ओझं उतरलं की अडखळणंही बहुधा सैल होतं.

कायद्याचा आधार तोकडा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे; पण व्याख्येतली उदाहरणं स्वरयंत्र काढून टाकणं आणि मेंदूच्या इजेमुळे भाषा जाणं ही आहेत. तोतरेपणाचं नाव त्यात नाही. म्हणून बरंचसं ऐकणाऱ्यावर येऊन ठेपतं.

ऐकणाऱ्याने काय करावं? वाक्य आपण पुरं करू नये. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ हे सल्ले देऊ नयेत. ते त्याने हजारदा ऐकलेले असतात. नजर न वळवता थांबावं आणि तो कसा बोलतोय याऐवजी काय बोलतोय त्याला उत्तर द्यावं. परीक्षकाने तोंडी परीक्षेआधी ‘वेळेचं बंधन नाही’ एवढं म्हटलं तरी निकाल बदलू शकतो.

आणि प्रगती मोजायची असेल, तर आज किती वेळा अडखळलास हे मुलाला विचारू नका. जो शब्द बोलायचा होता तोच बोललास का, एवढंच विचारा. दहा वेळा अडखळून मनातलं बोललेला मुलगा, एकदाही न अडखळता भलतंच बोलून आलेल्या मुलाच्या पुढे आहे.

(पुढील भागात : ऐकू नीट येतं, बुद्धीही चांगली, तरीही वाक्यं जुळत नाहीत, अशा मुलांविषयी.)