गाणं सापडलं, पण कोणाचं?

टीव्हीवर जुना सिनेमा चालू असतो, गाणं सुरू होतं आणि घरातलं कुणीतरी मोबाइल पुढे धरतं. नाव आलं तर ठीक. नाही आलं तर ‘हे गाणं कुठेच मिळत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. इतक्यात हार मानू नका.

गाणी ओळखणारं शाझाम ॲप चाल ओळखतं, हा सर्वांत पक्का गैरसमज. ते ओळखतं ध्वनिमुद्रण. आवाजाच्या आलेखातले ठळक बिंदू आणि त्यांच्यातलं अंतर टिपून ते साठ्यातल्या मुद्रणांशी ताडून बघतं. ‘कट्यार काळजात घुसली’ची पदं १९६७च्या नाटकात वसंतराव देशपांडे गायले, २०१५च्या चित्रपटात खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी राहुल देशपांडे. चाल संगीतकार अभिषेकीबुवांचीच, पण शाझामच्या लेखी ही वेगवेगळी गाणी. गुणगुणून विचारायचं असेल तर गूगलवर २०२०पासून सोय आहे; ती सुरांचा चढउतार बघते.

शिवाय पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं सारखंच असेल असं नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. सिनेमातला एखादा अंतरा त्यात गळायचा, आणि नेमका तोच तुम्ही मोबाइलला ऐकवत असता.

बरं, तबकडीवर छापलंय म्हणजे खरं, असंही नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या एका गूढ गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे मधुबालाची भूमिका! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, रेडिओने एचएमव्ही या तबकडी कंपनीकडे, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. केवढा आवाज, आणि लेबलवर त्याला स्वतःचं नावही नव्हतं; याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे ‘साधी माणसं’च्या (१९६५) श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून आनंदघन दिसतात. त्याही लताबाईच, पण तिथे टोपणनाव त्यांनी स्वतः निवडलेलं.

जुन्या टायटल्समध्ये तर गायकांची नावं बहुधा एका ओळीत, एकत्र. कुठलं गाणं कोणाचं, त्यावरून कळत नाही. हिंदी गाण्यांसाठी मी आधी हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उघडते. कानपूरहून निघालेल्या या खंडांत चित्रपटवार गाणी, गायक आणि तबकड्यांचे क्रमांक आहेत. मोबाइल जिथे गप्प बसतो, तिथे तबकडीचा क्रमांक हाती लागला की शोध पुढे सरकतो.