जग दुसऱ्याचं, पात्र आपलं

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीच्या मागच्या पानावर आहे, फक्त घरी कुणाला दाखवलेला नाहीये. ओसी, म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. 'नारुतो'मधलं कोनोहा गाव मासाशी किशिमोतोंनी उभं केलं, १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं ती मांगा चालली. त्या गावात तुम्ही स्वतःची एक निंजा मुलगी नेऊन सोडलीत, की ती तुमची ओसी.

आता गंमत बघा. गोष्टीत इटाचीने एका रात्रीत उचिहा घराणं संपवलं, मागे राहिला धाकटा भाऊ सासुके. पण फॅन मंडळींच्या ओसी बघितल्या तर त्या रात्री कुणी मेलंच नाही असं वाटतं! जी ती 'वाचलेली बहीण', डोळ्यांत शारिंगान, वर पोटात शेपट्यांचा राक्षसही.

अशा पात्राला मेरी सू म्हणतात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या फॅन मासिकात एक चिमुकली विडंबनकथा लिहिली. नायिका मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट. कॅप्टन तिच्या प्रेमात, सगळं जहाज तीच सांभाळते, शेवटी मरते आणि तिचा वाढदिवस जहाजाची राष्ट्रीय सुट्टी होतो. विनोद मस्तच होता, पण पुढे त्याची काठी झाली. कुठल्याही मुलीने स्वतःसारखी हिरॉइन लिहिली की मारा शिक्का. अब्जाधीश, डिटेक्टिव्ह आणि मारामारीत उस्ताद असलेला बॅटमॅन मात्र सगळ्यांना चालतो! मला हे पटत नाही. पहिली ओसी मेरी सू असली तर असू दे, बिनधास्त लिहा.

पण दुसरी करताना एक प्रश्न विचारा: हिला काय जमत नाही? कोनोहात मिशनची प्रतवारी असते. डी रँक म्हणजे हरवलेलं मांजर शोधणं वगैरे. समजा, तुमची ओसी चूनिन परीक्षेत तीनदा नापास झालीय आणि वर्षानुवर्षं डी रँकचीच कामं करतेय. मग तिला गावातलं घर न् घर माहीत असणार. कुठल्या घरातला मुलगा मिशनवरून परत आला नाही, तेही. शारिंगान नसूनही तिला जे दिसतं ते सासुकेला दिसत नाही. झाली की गोष्ट सुरू!

आम्ही कोडवाले दुसऱ्याचा प्रोजेक्ट फोर्क करतो, तसंच हे. मग चाचणी अशी घ्या: नारुतो काढून टाकला तर काय उरतं? 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही कादंबरी आधी 'ट्वायलाइट'ची फॅनफिक्शन होती. नावं बदलली आणि पुस्तक स्वतंत्र उभं राहिलं. ते कसं आहे यावर मी काही बोलणार नाही, पण पात्रं घर बदलू शकतात हे खरं.

आता शेअर करण्याबद्दल. भांडणं होतात ती इथेच. रेफरन्स शीट करा: समोरून, मागून, रंगांचे कोड, आणि त्याच पानावर परवानगी लिहा. कुणी चित्र काढलं तर चालेल का? गोष्टीत वापरलं तर? मारलं तर? रोलप्लेमध्ये दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने निर्णय घेणं याला गॉडमॉडिंग म्हणतात, आणि त्यावरून चांगल्या मैत्र्या तुटतात. दुसऱ्याच्या बेसवर चित्र काढलंत तर त्याचं नाव टाका. तुमच्या चित्राची लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवा. चोरी झाली तर पुरावा तोच. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क लागू होतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र कोनोहा आणि शारिंगान तुमचे होत नाहीत, त्यामुळे ते छापून टी-शर्ट विकायला निघालात तर मामला वेगळा.

आणि एक राहिलंच. ओसीला आपला वाढदिवस, आपलं गाव, आपल्या शाळेचा युनिफॉर्म देण्याचा मोह होतो. वहीत द्या. शेअर करायच्या शीटवर तारीख बदला, गणवेशावरचा बिल्ला पुसा. अनोळखी माणूस "तुझी ओसी छान आहे" म्हणत "ती कुठे राहते?" वरून "तू कुठे राहतेस?" वर आला, तर उत्तर न देता ब्लॉक करा आणि घरातल्या मोठ्या माणसाला तो चॅट दाखवा. त्यासाठी वहीचं मागचं पान दाखवावं लागलं तरी चालेल.